पहिले खोटं दाखवा

भाऊंच्या गळ्यात, ओळखपत्राच्या मागे, त्याच प्लॅस्टिकच्या पाकिटात कायम दोन खोटी खोकी असत. खोटी म्हणजे दुसऱ्याच गोळीची, घडी घालून चपटी केलेली.

आमचा औषधांचा कारखाना हिंगण्याच्या एमआयडीसीत. गोळ्यांच्या स्ट्रिपा कागदी खोक्यांत भरल्या जातात आणि खोकी पट्ट्यावरून पुढे सरकतात. पट्ट्याच्या कडेला बारकोड रीडर बसवलेला आहे. समोरून जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावरचा बारकोड तो वाचतो आणि आपल्यात साठवलेल्या आकड्याशी जुळवतो. जुळला तर हिरवा दिवा. नाही जुळला तर लाल दिवा, हवेची एक फुंकर, आणि खोकं खालच्या कुलूपबंद लाल पेटीत. रोज सकाळी त्या दिवसाच्या गोळीचा आकडा रीडरमध्ये भरायचा आणि रीडर नीट काम करतोय हे पाहायचं, हे भाऊंचं काम. मी क्वालिटी विभागात. ते झालं म्हणून सही करायची, हे माझं काम.

भाऊ त्यांना सगळेच म्हणत, मॅनेजरसाहेबसुद्धा. उंच, वाकलेले, हात सतत काहीतरी पुसत असलेले. बसलेले मी त्यांना फक्त कॅन्टीनमध्ये पाहिले. लाइन सुरू असताना ते पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहत. लाल पेटीत दोन तास काहीच पडलं नाही, तर इतर लोक खूश होत आणि भाऊंच्या फेऱ्या वाढत.

“एकही नाही?” ते विचारत.

“चांगलं आहे ना, भाऊ.”

“चांगलं आहे का डोळा मिटला, ते कसं सांगता तुमी?” आणि ते पाकिटातलं खोटं खोकं काढून पट्ट्यावर सोडत. फुंकर बसून ते बाहेर उडालं, की मग कुठे त्यांचा जीव भांड्यात पडे.

नियमाप्रमाणे ही खोटी खोकी कुलपात असायला हवीत. मी ते तीनदा सांगितलं. शेवटी एक वेगळं रजिस्टर काढलं आणि दर सोमवारी ती दोन खोकी सही घेऊन त्यांना द्यायला लागले.

रीडरला आकडा देण्याच्या दोन पद्धती आहेत. सोपी म्हणजे गठ्ठ्यातलं पहिलं खोकं त्याच्यासमोर धरायचं आणि ‘शिकव’ हे बटण दाबायचं. जे दिसतं तेच तो खरं मानून साठवतो. दुसरी म्हणजे तेरा आकडे हाताने भरायचे. भाऊंनी ते बटण कधीही दाबलं नाही.

“ज्याची झडती घ्यायची त्यालेच विचारायचं का, बावा तू कोन? अन् तो सांगन ते लिहून घ्यायचं?” ते म्हणत.

ते हाताने भरत, तेही तोंडपाठ. आमच्या सगळ्या गोळ्यांचे आकडे त्यांना पाठ होते. एखाद्याला नातेवाइकांचे फोन नंबर आठवावेत, तसे ते आकडे सांगत. कागद समोर ठेवला तर तो उलटा करून ठेवत.

मी कामावर आले तेव्हा लाइन सुरू करण्याची चौदा मुद्द्यांची यादी केली होती. छान लॅमिनेट करून खांबावर लावली. भाऊंनी एकेका ओळीवर बोट ठेवत ती वाचली.

“मॅडम, यादी फस्क्लास आहे. पन हिच्यात सगळं हो-च हो आहे. पट्टा चालते, हो. दिवा लागते, हो. खरं खोकं पुढं जाते, हो. नाही कुठं आहे?”

“म्हणजे?”

“पहिले खोटं दाखवा. खऱ्याले कोनीबी हो म्हन्ते.”

मला राग आला होता. चौदा मुद्दे मी दोन रविवार घालवून काढले होते. पण नवं लॅमिनेशन करून आणलं आणि एकच्या वर शून्य क्रमांक घातला: ‘दोन चुकीची खोकी सोडा. दोन्ही बाहेर पडली पाहिजेत.’ ती यादी अजून तिथे आहे. शून्यासकट.

माणसांनाही ते असंच तपासत. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसले.

“मॅडम, तुमी प्रताप नगरातून येता म्हने. दोन नंबरच्या बसनं.”

“तीन नंबरच्या.”

“दोन नंबरच्या. मी वीस वर्षांपासून पाहून राहिलो, प्रताप नगर म्हनजे दोन नंबर.”

मी बसचा नंबर लिहिलेली डायरी उघडून समोर ठेवली. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही. पुडी सोडली आणि मूठभर खारे दाणे माझ्या ताटाच्या कडेला ठेवले.

“मॅडमनं थांबवलं बरं का मले,” ते शेजारच्याला म्हणाले.

ज्यांनी त्यांची चूक मुकाट मान्य केली त्यांना दाणे मिळत नसत. आमच्याकडे एक नवे अधिकारी आले होते. भाऊंनी त्यांना सांगितलं, गुरुवारी आपल्याकडे सगळे मागच्या गेटने येतात. ते महिनाभर दर गुरुवारी कारखान्याला अर्धा वळसा घालून मागच्या गेटने येत होते. कुणी विचारलं तर भाऊ म्हणत, “मले वाटलं, आज इचारतीन, उद्या इचारतीन.”

नवा रीडर आला तेव्हा तो विकणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर पुण्याहून आले. लॅपटॉप जोडला, आकडा भरला, खरी वीस खोकी सोडली. वीसही हिरवी. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी गळ्यातलं पाकीट काढलं आणि एक खोटं खोकं सोडलं. हिरवा दिवा. दुसरं सोडलं. हिरवा दिवा.

इंजिनिअर लॅपटॉपवर वाकले. रीडरने तेरापैकी किती आकडे जुळवायचे ते आपण ठरवू शकतो. त्यांनी पहिले आठ ठेवले होते.

“काका, हे सुरुवातीपासूनच असं येतं.”

“पहिले आठ तर आपल्या सगळ्या मालावर एकच आहेत ना गा! आडनाव पाहून आत घेऊन राहिला हा तुमचा डोळा. पोरगा कोन्ता ते शेवटी लिहिलं असते.”

तेराच्या तेरा आकडे जुळवायला लावले. इंजिनिअरांनी खोटं खोकं पुन्हा सोडलं. ते रीडरसमोरून निघून गेलं आणि काहीच झालं नाही. इंजिनिअरांचा हात घाईने बटणाकडे गेला.

“धीर धरा,” भाऊ म्हणाले. “पाहनारा इथं बसला आहे. फेकनारा दोन हात पुढं.”

दोन हात पुढे फुंकर बसली आणि खोकं उडालं.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला फोन केला. “मॅडम, गांधीबागेत साड्या घ्याले तुमी सोबत चला. तुमची यादी पाहून तरी हे वेळेत आवरतीन.” मी बावीस ओळींची यादी घेऊन गेले. भाऊंनी घरून एक कापडाचा तुकडा आणला होता. पहिल्या दुकानात तो गादीवर टाकला.

“काल तुमच्याच इथून नेलं. याच्यातलंच अजून पाह्यजे.”

“हाँ हाँ भाऊ, अपनाच माल है. बैठो, निकालता.”

भाऊ उठले. दुसरं दुकान, तिसरं दुकान, तेच. वहिनी उन्हात ताटकळल्या. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी तुकडा बोटांत चोळला आणि परत केला. “हा आपला नाही. आपण हा ठेवतच नाही.”

भाऊ गादीवर मांडी घालून बसले. “आता दाखवा साड्या.” माझी बावीस ओळींची यादी त्या एका दुकानात संपली.

नंतर उसाचा रस पिताना वहिनी म्हणाल्या, “हे आजचं नाही, मॅडम. मले पाह्यले आले तवा माझ्या बाबाले म्हन्ले, तुमी कळमेश्वरचे ना? बाबा बिचारे भिडस्त, हो हो करून राहिले. मी पोह्यांची बशी घेऊन दारात. म्हन्लं, काहून बाबा? आपन काटोलचे. तर हे तिथंच बोलले, पसंत आहे.”

“मंग?” भाऊ म्हणाले. “पोहे तर सगळेच चांगले करतेत.”

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

भाऊंच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. एका सकाळी लाइन सुरू झाली आणि रीडरने सगळीच खोकी उडवायला सुरुवात केली. लाल पेटी भरली. भाऊंनी एक खोकं उचललं, बारकोडखालचा आकडा वाचला आणि म्हणाले, “छापलंच चुकीचं. सगळा माल परत करा.” साहेब धावत आले. भाऊ ऐकेनात. मी कपाटातून मंजूर नमुन्याचं सीलबंद पाकीट आणलं. खोकी बरोबर होती. रीडरमध्ये शेवट सहाशे सत्तावीसच्या जागी सहाशे बहात्तर भरलेला होता.

“बोट घसरलं,” भाऊ म्हणाले.

बोट घसरू शकतं. पण मग पाव तास ते छापील आकडा वाचून तो चुकीचा कसा म्हणत होते?

पुढच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये त्यांनी विचारलं, “पोरीची बारावी कशी चालू आहे?” माझी मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि भाऊ तिच्या प्रवेशाचे पेढे खाऊन चुकले होते.

“भाऊ, दुसरं वर्ष चालू आहे तिचं,” मी हसून म्हणाले आणि ताट थोडं पुढे सरकवलं.

दाणे आले नाहीत. भाऊ हातातल्या पुडीकडे बघत राहिले आणि पुडी तशीच खिशात घालून उठले.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. बसमध्ये डायरीत एक पान दोन भागांत आखलं. डावीकडे ‘परीक्षा’, उजवीकडे ‘विसर’. भाऊ दिवसभरात जे जे चुकीचं बोलले ते मी त्यात लिहायला लागले. वार चुकीचा सांगितला, कुठे लिहू? मला दुसऱ्याच बाईंच्या नावाने हाक मारली, कुठे लिहू? आयुष्यभर मुद्दाम चूक बोललेला माणूस. मी दोन्हीकडे प्रश्नचिन्हं काढत होते आणि पुसत होते.

भीती एकाच गोष्टीची होती. हृदयाची एक गोळी आम्ही दोन ताकदीत करत असू, पाचची आणि दहाची. खोकी जवळजवळ सारखी, आकड्यांत फरक फक्त शेवटी. पाचचा शेवट सहाशे सत्तावीस, दहाचा सहाशे चौतीस. भाऊंनी पाचच्या दिवशी दहाचा आकडा भरला तर? पाचची खोकी उडायला लागतील. कुणीतरी वैतागून दहाचा गठ्ठा आणून लावेल, आणि हिरवा दिवा लागेल. हिरवा दिवा लागल्यावर कोण थांबतं? कुणाच्या तरी घरी दहाच्या खोक्यातून पाचची गोळी निघेल. आणि मी साहेबांना सांगितलं, तर बत्तीस वर्षांची नोकरी शेवटच्या आठ महिन्यांत ‘डोक्याने गेले’ या शेऱ्यावर संपेल. सांगण्याआधी मला खात्री हवी होती. खात्री करायची पद्धत मला एकाच माणसाने शिकवली होती.

सोमवारी पहिल्या बसच्या आधी स्कूटरने गेले. भाऊ नेहमीप्रमाणे आधीच आलेले, मलमलच्या फडक्याने रीडरची काच पुसत होते. पट्टा बंद होता. आम्ही दोघंच. मी रजिस्टर पुढे केलं आणि त्यांना त्या आठवड्याची दोन खोटी खोकी दिली. त्यातलं एक दहाचं होतं, कारण भाऊंचा आग्रहच असे की खोटं दाखवायचं तर सख्ख्या भावासारखं दिसणारं दाखवा.

“आज पाचची आहे, भाऊ,” मी म्हणाले. “शेवट सहाशे चौतीस ना?”

बटणांवरचं त्यांचं बोट थांबलं. मला वाटलं, आता म्हणतील, मॅडम, मले शिकवता का.

“हो,” भाऊ म्हणाले. “सहाशे चौतीस.” आणि भरलं.

माझ्या हातात पेन होतं. मी काहीही लिहिलं नाही.

मग त्यांनी पट्टा सुरू केला आणि माझ्या यादीतला शून्य क्रमांक, जो त्यांचाच होता, तो करायला घेतला. पहिलं खोटं खोकं सोडलं. लाल दिवा, फुंकर, बाहेर. दुसरं सोडलं, दहाचं. हिरवा दिवा. खोकं पुढे सरकलं. भाऊ दोन हात पुढे जाऊन फुंकरीपाशी उभे राहिले. खोकं त्यांच्यासमोरून गेलं, पट्ट्याच्या टोकाला पोहोचलं आणि चांगल्या मालाच्या ट्रेमध्ये पडलं.

त्यांनी ते उचललं. दोन्ही बाजू पाहिल्या. पट्टा रिकामाच चालू होता.

“मॅडम, तुमी मले खोटं दाखवलं.”

“हो, भाऊ.”

“अन् म्या घेतलं.”

भाऊ चिडले नाहीत. त्यांनी पट्टा बंद केला. बिघडलेल्या यंत्रावर लावायच्या लाल चिठ्ठ्या तिथेच खिळ्याला अडकवलेल्या असतात. त्यांवर ‘वापरू नये’ छापलेलं असतं आणि खाली क्वालिटीची सही लागते. त्यांनी एक चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली.

“सही तुमची लागते.”

“भाऊ, मी माणसावर सही करत नाही.”

“मंग यादीत लिहा,” ते म्हणाले. “आकडा डोक्यातून टाकायचा नाही. सीलबंद पाकिटातून पाहून टाकायचा, दोघांनी. एकानं वाचायचा, दुसऱ्यानं भरायचा. साहेबाले सांगा, म्याच सांगतलं म्हून.” मग चिठ्ठी खिळ्याला परत अडकवून म्हणाले, “शून्य नंबर मात्र मी करीन. तेवढं मले जमते.”

मी साहेबांकडे गेले आणि त्यांनी सांगितलं तेवढंच सांगितलं. दुपारपर्यंत नवी यादी लागली. निवृत्तीपर्यंत भाऊ बटणांना शिवले नाहीत. पट्ट्यापाशी हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि रोज सकाळी दोन खोटी खोकी सोडत. निरोपसमारंभात साहेबांनी ‘बत्तीस वर्षांत एकही चूक नाही’ असं म्हटलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, पण साहेबांना थांबवलं नाही. मला ते कुठल्या रकान्यात लिहावं कळलं नाही.

आता मी महिन्यातून एकदा हुडकेश्वरला त्यांच्या घरी जाते. जाताना यादी असते: वहिनींसाठी गुडघ्याचं मलम, भाऊंसाठी मलमलचं फडकं, खारे दाणे. आणि एक खोटी गोष्ट. ती मी वाटेत सिग्नलला थांबले की ठरवते. कधी वाराची, कधी कारखान्याची. बोलता बोलता मी ती सोडते आणि त्यांच्याकडे पाहत बसते. कधी भाऊ लगेच पकडतात. अलीकडे बऱ्याचदा नाही. दाणे तसेच पिशवीत परत येतात आणि घरी आल्यावर मुलगी विचारते, आई, हे कुणासाठी आणतेस?

गेल्या खेपेला ते अंगणात खुर्चीवर बसले होते. गळ्यात ओळखपत्राची जुनी दोरी, पाकीट रिकामं. तासभर बोलले, पण मला नावाने हाक मारली नाही, मॅडमही म्हटलं नाही. वहिनी चहा घेऊन आल्या. मी म्हणाले, “वहिनींचं माहेर कळमेश्वरचं ना, भाऊ?”

वहिनींच्या हातातली बशी वाजली. त्यांनी मला डोळ्यांनीच विचारलं, हेच का विचारलंत?

“हो,” भाऊ म्हणाले. “कळमेश्वर.”

वहिनी कप माझ्या हातात देऊन आत गेल्या. मी चहा घटाघट पिऊन टाकला, अजून तीन कामं आहेत असं काहीतरी म्हणाले आणि निघाले. तीन कामं नव्हती. फाटक ओढलं, स्कूटर सुरू केली, हेल्मेटचा पट्टा लागेना. पुढच्या महिन्यापासून हे बंद, मी ठरवलं. यादीतून ती ओळ काढायची. कोपऱ्यापर्यंत गेले असेन.

“ओ मॅडम!”

मागे वळून पाहिलं. भाऊ फाटकाबाहेर रस्त्यावर आले होते, अनवाणी, एक हात वर. मागून वहिनी धावत येत होत्या.

“काहून सांगून राहिले तुमी कळमेश्वर? काटोल आहे वं बाई, काटोल!”

मी स्कूटर बंद केली, स्टँडवर लावली आणि डिकीतून खाऱ्या दाण्यांची पुडी काढली.